बोकडाबरोबर आलेले आबा

टेलरबाईंनी शिवणाचं मशीन बंद करून सहा वर्षं होऊन गेली होती, पण लोक अजून त्यांना टेलरबाईच म्हणायचे. दुकानामागच्या मोकळ्या जागेत हौस म्हणून बांधलेल्या दोन शेळ्यांच्या आता सव्वीस झाल्या होत्या. पूर्वी जिथे कापडाचे गठ्ठे असायचे तिथे पेंडीची पोती आली होती, आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत कोणती शेळी कधी माजावर आली त्याच्या तारखा.

सगळं बरं चाललं होतं, पण एक चूक झाली होती. तीन वर्षं एकच बोकड वापरला. त्याच्या मुली मोठ्या झाल्या आणि त्याही त्याच्यापासूनच गाभण राहू लागल्या. मागच्या थंडीत नऊ करडं झाली. चार धड उभीच राहिली नाहीत, त्यातली दोन आठवड्याच्या आत गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी एका करडाचे पाय चाचपले आणि एवढंच म्हणाले, "बाई, रक्त बदला. आणि जवळपासचा बोकड आणू नका. इथे सगळे एकमेकांचे भाऊच आहेत."

म्हणून लांबचा बोकड आणायचं ठरलं. आणि लांब जायचं म्हणजे भाऊजींबरोबर जायचं, कारण पिकअप गाडी त्यांची होती. बाईंचा नवरा बस डेपोत मेकॅनिक. त्याला रजा मिळायची ती फक्त ताप आला तर.

भाऊजी माणूस सोन्यासारखा, पण कुणालाही नाही म्हणायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. पहिल्या खेपेला त्यांनी फोनवर फोटो बघून सौदा ठरवला. चारशे किलोमीटर गेल्यावर कळलं की फोटो खरा होता, फक्त पाच वर्षांपूर्वीचा होता. आता त्या बोकडाच्या तोंडात दात मोजायला एक हात पुरला असता. तरी भाऊजी मालकाला म्हणाले, "छान आहे हो, विचार करतो." दुसऱ्या खेपेला सहा तास एका कुलूपबंद फाटकाबाहेर काढले. मालक लग्नाला गेले होते, किल्ली घेऊन. भाऊजींनी त्यांना फोन केला आणि शेवटी म्हणाले, "नाही नाही, तुम्ही सावकाश जेवा."

त्या दिवशी परतताना बाई शंभर किलोमीटर एक अक्षर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या वेळी बोलायचं मी. तुम्ही फक्त गाडी चालवायची."

"वहिनी, मी बोललोच कुठे?"

"तेच सांगतेय."

तिसरी खेप साडेसातशे किलोमीटरची. या वेळी बाईंनी सगळं स्वतः केलं. आपल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून त्या भागातल्या डॉक्टरांचा नंबर मिळवला, त्यांच्याकडून एका म्हाताऱ्या शेळीपालकाचा. त्याच्याकडचा कळप जुना आणि निवडक आहे, फसवणार नाही, असं दोघांनी सांगितलं. फोनवर किंमत ठरली. बोकडाचा आणि त्याच्या आईचा व्हिडिओ आला, त्यात मागे त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून उभी राहिलेली एक बाई होती. हे बघून टेलरबाईंना फार बरं वाटलं. कुठेतरी एक तरी शहाणं माणूस आहे म्हणायचं.

वर्तमानपत्रवाली ती बाई म्हणजे त्या म्हाताऱ्याची सून निघाली. तिनेच फाटक उघडलं, पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "ताई, लवकर उरका. मामंजींना विचार करायला वेळ दिलात तर तुमचं काही खरं नाही."

मामंजींना सगळे आबा म्हणत. सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. त्यांनी नमस्कार केला आणि काही न बोलता गोठ्याकडे चालू लागले. गोठा बघूनच बाईंना आपल्या गोठ्याची लाज वाटली. जमीन कोरडी, पाण्याचं भांडं घासलेलं, चारा टांगलेल्या जाळीत. शेवटच्या कप्प्यात तो बोकड उभा होता. तांबूस रंग, लांब लोंबते कान, हनुवटीला दाढी, आणि समोरच्याचं म्हणणं संपायची वाट बघत असल्यासारखा चेहरा.

"याला वकील म्हणतात," आबा म्हणाले.

बाईंनी पदर खोचला आणि कामाला लागल्या. ओठ वर करून दात बघितले; चार दाती, जबडा सरळ. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आतून चांगली लालसर, म्हणजे पोटात जंत नव्हते. पाठीवरून हात फिरवला, चारही खूर उचलून बघितले, मग मागे जाऊन खाली वाकल्या आणि दोन्ही अंडं सारखी आहेत ना ते हाताने तपासलं. भाऊजी एकदम आभाळाकडे बघू लागले.

"आता आई दाखवा," बाई म्हणाल्या.

आबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "आई बघायला मागणारं गिऱ्हाईक तिसरंच," ते म्हणाले. आईची कास मऊ, दोन्ही सड सारखे, तीन वेताची शेळी. दुसऱ्या वेताला तिळी झाली होती. वकील त्यातला तिसरा; इतका बारीक होता की आईकडे त्याला सड मिळेना. आबांनी त्याला बाटलीवर वाढवला, दोन महिने स्वतःच्या खोलीत ठेवून.

"पसंत आहे," बाई म्हणाल्या. "गाडीत रेती टाकलीय, वर पोती अंथरलीत. डॉक्टरांचा दाखला तयार आहे. आत्ता निघालो तर ऊन व्हायच्या आत बरंच अंतर कापू."

"बसा," आबा म्हणाले.

बसल्यावर प्रश्न सुरू झाले.

"तुमच्याकडे सकाळी पाणी कोण पाजतं?"

"मी."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी आजारी पडत नाही."

"पडाल. गोठ्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं?"

"आतल्या."

आबांनी मान हलवली, नापास केल्यासारखी. मग पाणी विहिरीचं की नळाचं, पेंड कुणाची, दुपारी गोठ्याजवळ कोण असतं, कुत्री किती आहेत. बाईंनी सगळी उत्तरं दिली. स्वतःच्या लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांना इतकं कुणी विचारलं नव्हतं. शेवटी आबा म्हणाले, "आज नको. आज त्याने पाणी कमी प्यायलंय. उद्या बघू."

लॉजवर एक मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी वकिलाने पाणी भरपूर प्यायलं होतं, पण आता गाडीचा पत्रा तापतो असं निघालं. भाऊजींनी जाऊन ताडपत्री आणली. ताडपत्री बांधून झाल्यावर आबा म्हणाले, वारा कोंडेल. ताडपत्रीच्या दोन बाजू वर गुंडाळल्या. मग दोर फार लांब आहे असं झालं, मग फार आखूड. दुपारचे दोन वाजले. आतून सून चहा घेऊन आली आणि बाईंच्या कानाशी म्हणाली, "ताई, बोकड राहू दे. मामंजींनाच घेऊन जा."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून आबांसमोर उभ्या राहिल्या.

"आबा, साडेसातशे किलोमीटर आलोय. घरी सव्वीस शेळ्या शेजारणीच्या भरवशावर टाकल्यात. द्यायचा नसेल तर नाही म्हणा, मी एका शब्दाने भांडणार नाही. पण हे असं मला झुलवू नका. माझ्या डोक्याची मंडई झालीय."

 आबा कप बशीत फिरवत म्हणाले, "पूर्वी एक दिला होता. तिघं आले होते, असेच लांबून. पैदाशीला पाहिजे म्हणाले. महिन्याने मी फोन केला, कसा आहे? म्हणाले, फार चांगला निघाला. मी विचारलं, करडं कशी झाली? तर तो म्हणाला, कसली करडं? घरात कार्य होतं." आबांनी कप ठेवला. "मी त्याला काय म्हणणार? त्याने विकत घेतला होता."

 जिथे कुणाला काही सुचत नाही तिथे भाऊजींना हमखास सुचतं. ते मनापासून म्हणाले, "आबा, एवढी काळजी वाटतेय तर तुम्हीच चला की आमच्याबरोबर! डोळ्यांनी बघा सगळं."

बाईंनी भाऊजींकडे बघितलं. पण तोवर आबा उठून आत गेले होते. दहा मिनिटांनी ते बाहेर आले ते हातात कापडी पिशवी, खांद्यावर टॉवेल आणि पायात बूट घालून. सुनेच्या तोंडावर इतका आनंद पसरला होता की तो लपवायला ती दाराआड गेली.

पिकअपच्या पुढच्या सीटवर तिघं. आबांना खिडकी, कारण त्यांना मागे वळून बघायचं होतं, भाऊजी स्टिअरिंगवर, आणि मध्ये गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत टेलरबाई. जाताना चौदा तास लागले होते. येताना दर तासाला गाडी थांबली. आबा उतरायचे, वकिलाला घोटभर गुळाचं पाणी पाजायचे, त्याच्या कानाला हात लावून ताप बघायचे, आणि परत येऊन बसता बसता म्हणायचे, "जरा हळू घ्या." भाऊजींनी इतकी हळू घेतली की एका चढावर एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. वाटेतल्या लॉजवर जनावर आत घेईनात तेव्हा आबा गाडीत बोकडाशेजारी पोत्यावर झोपले, आणि सकाळी बाईंना म्हणाले, "तुमची रेती ओलसर आहे."

एकूण सव्वीस तासांनी ते घरी पोचले. बाईंची कंबर जागेवर नव्हती. नवरा फाटकापाशी उभा होता. आबांना बघून तो आधी गोंधळला, मग त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "या या! आलाच आहात तर राहा चार दिवस. घाई काय आहे?"

बाईंनी कपाळावर हात मारला. या घराण्यात नाही म्हणणारं माणूसच जन्माला आलं नव्हतं.

नवा बोकड आणला की पंधरा दिवस वेगळा ठेवायचा, एखादा रोग असेल तर कळपात पसरू नये म्हणून. हे बाईंना माहीत होतं आणि आबांनाही. त्यामुळे आबा म्हणाले, "मग पंधरा दिवस थांबतो. कळपात सोडलेला बघतो आणि जातो."

ते पंधरा दिवस बाई कधी विसरणार नव्हत्या. आबा पहाटे उठत आणि सगळ्यांत आधी गोठ्यात जात. पाण्याचं भांडं खाली आहे, लेंड्या पडतात, ते गुडघाभर वर घ्या. चारा जमिनीवर टाकू नका, जंत त्यातूनच जातात. मिठाची वीट टांगा. त्या काळ्या शेळीचे खूर वाढलेत, म्हणून ती लंगडते. तुम्ही म्हणताय तसा तिला वात नाही. आणि हे दार. हे दार बाहेर उघडायला हवं. आत उघडलं की शेळ्या दारामागे चेंगरतात.

"सहा वर्षांत एकही चेंगरली नाही," बाई म्हणाल्या.

"सातव्या वर्षी चेंगरेल."

आबा सगळं चुकीचं सांगत असते तर बाईंनी केव्हाच तोंड सोडलं असतं. पण भांडं वर घेतलं आणि पाणी खरंच स्वच्छ राहू लागलं. काळ्या शेळीचे खूर आबांनी मांडीवर घेऊन कापले आणि ती तिसऱ्या दिवशी सरळ चालू लागली. बाईंचा जळफळाट व्हायचा तो याचाच. स्वतःच्या गोठ्यात, स्वतःच्या शेळ्यांसमोर रोज उठून कुणीतरी आपल्याला बरोबर सांगावं, हे किती दिवस सहन करायचं? दार मात्र त्यांनी मुद्दाम बदललं नाही.

घरात तर वेगळीच मजा. नवरा आणि भाऊजी आबांच्या पुढ्यात बसून जेवायचे, जुन्या बोकडांच्या गोष्टी ऐकायचे, "अरे वा" म्हणायचे. भाऊजी तर स्वतःचं घर सोडून रोज इकडेच. बाई दुप्पट भात टाकत होत्या आणि भांडी आपटत होत्या. एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, भांडी जरा हळू. आबा झोपलेत."

"झोपू देत. पहाटे उठून त्यांना मला शिकवायचं असतं."

पंधरा दिवस संपले. सोळाव्या दिवशी दोन शेळ्या माजावर आल्या होत्या. शेपट्या हलत होत्या, ओरडून त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली होती. आबांनी स्वतः वकिलाचा दोर सोडला. सगळे कुंपणाबाहेर उभे राहिले. वकील आत गेला, शेळ्यांकडे एक नजर टाकली, आणि शांतपणे परत येऊन कुंपणापाशी आबांच्या गुडघ्याला डोकं टेकून उभा राहिला.

"दमलाय," आबा म्हणाले.

"पंधरा दिवस बसून?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही शेळ्यांचा माज फुकट गेला. आता आणखी तीन आठवडे थांबणं आलं. चार दिवसांनी तिसरी आली. वकिलाने तिला हुंगलंसुद्धा नाही. आबा दोष कधी हवेला द्यायचे, कधी शेळ्यांना. बाई नजरेने बोकडाची मापं घेत उभ्या राहायच्या. रूप होतं, वंश होता, चार दात होते, आणि उपयोग शून्य. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, तब्येत उत्तम आहे, थोडा धीर धरा. धीर हा शब्द ऐकूनच बाईंचं डोकं उठलं.

मग एका दुपारी आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. भाऊजी त्यांना गाडीत घालून औषधाच्या दुकानात घेऊन गेले. वकील फाटकाकडे तोंड करून ओरडायला लागला. बाई आतल्या कट्ट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. पाच मिनिटं ओरडून तो थांबला. इकडेतिकडे बघितलं. मग कुंपणाच्या कडेने चालत चौथ्या कप्प्यातल्या, आदल्याच दिवशी माजावर आलेल्या पांढऱ्या शेळीपाशी गेला, तिला हुंगलं, आणि मान वर करून वरचा ओठ मागे दुमडला. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. बोकड ओठ असा दुमडतो तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते कुठल्याही शेळीवाल्याला कळतं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि आबांचा आवाज आला, "हळू लावा, हळू." वकिलाने ओठ खाली सोडला, शेळीला तिथेच टाकलं आणि धावत फाटकाशी गेला.

बाईंना सगळं कळलं. बोकड रुळेपर्यंत आबा जाणार नव्हते. आणि आबा जाईपर्यंत बोकड रुळणार नव्हता.

तीन आठवडे त्या एकच गोष्ट मनात घोळवत होत्या: हा माणूस जाईल कधी? आता तसं सांगायला भक्कम कारण मिळालं होतं, तर तोंड उघडेना. रात्री नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही सांगा. तो म्हणाला, भाऊ सांगेल. भाऊजींना विचारलं तर ते दोन दिवस घराकडे फिरकलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गोठ्यात गेल्या. आबा खाली बसून एका शेळीचा खूर कापत होते. शेजारी वकील रवंथ करत बसला होता.

"आबा, एक सांगायचंय."

"दार बदलायचं ठरलं का?"

"नाही. म्हणजे, बदलेन. ते नाही." बाईंनी एक बादली पालथी घालून तिच्यावर बसकण मारली. "तुम्ही इथे आहात तोवर हा तुमच्या पायाशीच बसणार. परवा तुम्ही गोळ्या आणायला गेलात तेव्हा मी बघितलं. पांढरीपाशी गेला होता. तुमचा आवाज आला आणि आला पळत."

आबा खूर कापत राहिले. खुराचा बारीक तुकडा खाली पडला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"सोडला त्याच दिवशी कळलं. चाळीस वर्षं बोकड बघतोय मी."

बाईंचा संताप एकदम उसळून आला. "मग आठवडाभर काय चाललंय हे? चार शेळ्यांचा माज वाया गेला माझा! डॉक्टर आणले, हवेला नावं ठेवली, आणि तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असलं म्हणून लगेच उठवतं का, बाई?"

शेळीने पाय ओढून घेतला. आबांनी तो पुन्हा हातात घेतला नाही. मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "तिकडे आता सहाच राहिल्यात. सून म्हणते, कमी करा, झेपत नाही. बरोबर म्हणते ती. इथे सकाळी उठलं की काहीतरी चुकलेलं सापडायचं."

 हसावं की ओरडावं हे बाईंना ठरवता येईना. शेवटी त्यांनी वाकून सुरी उचलली आणि शेळीचा राहिलेला खूर स्वतः मांडीवर घेतला. आबा बघत होते. "जास्त आत जाऊ नका," ते म्हणाले. "गुलाबी दिसलं की थांबायचं."

"ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते गेले. आपण गोठ्यात जाणार नाही, असं त्यांनीच सांगितलं. बाई वकिलाला मागच्या बाजूला नेऊन शेंगा भरवत उभ्या राहिल्या, आणि पुढच्या दाराने आबा पिशवी घेऊन बाहेर पडले. त्यांना स्टँडवर सोडणारी भाऊजींची गाडी सुरू झाल्याचा आवाज आल्याबरोबर वकिलाने शेंगा टाकल्या.

दोन दिवस तो ओरडला. शेजारीण दोनदा विचारून गेली की कापताय का त्याला. फोनही दिवसातून चार वेळा वाजत होता.

"ओरडतोय का?" आबा विचारायचे.

"छे! अगदी शांत आहे."

"मग हे मागे कोण ओरडतंय?"

"शेजाऱ्यांचा बोकड."

"शेजाऱ्यांकडे बोकड नाही. मी बघितलंय."

बाई फोन दूर धरून छताकडे बघत राहायच्या.

तिसऱ्या दिवशी वकिलाने चारा खाल्ला. आठवड्याने तो चौथ्या कप्प्यापाशी जाऊ लागला. पहिल्या दोन शेळ्या पुन्हा माजावर आल्या तेव्हा त्याला काही समजवावं लागलं नाही. बाईंनी मापांच्या वहीत दोन तारखा लिहिल्या आणि खाली रेघ मारली. महिन्याभरात चौदा शेळ्यांच्या तारखा झाल्या. सुतार येऊन दार बाहेर उघडतं करून गेला. भाऊजींनी विचारलं, "वहिनी, हे कुणी सांगितलं?" बाई म्हणाल्या, "मलाच सुचलं."

पाच महिन्यांनी गोठ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. चौदा शेळ्यांची तेवीस करडं. एक मेलेलं जन्मलं. उरलेली बावीस तासाभराच्या आत पायांवर उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या पाठीवर उड्या मारायला लागली. लांब कान, तांबूस अंग, आणि हनुवटी वर करून बघण्याची तीच उद्धट ढब. डॉक्टर आले, एक करडू उचलून त्याचे पाय ताणून बघितले, आणि खाली ठेवताना मान हलवली.

बाईंनी आबांना फोन लावला. वाटलं होतं, दोन मिनिटांत आटपेल. आबांनी वीस मिनिटं प्रश्न विचारले. वजनं केली का? नाळेला औषध लावलं का? पहिलं दूध सगळ्यांना मिळालं का, की दांडगी दोन सगळं पिऊन जातात? नर किती? माद्या किती? त्यातल्या ठेवणार किती? जबडे बघितले? नाही? मग काय बघितलं? बाई उभ्या उभ्या उत्तरं देत होत्या. चहा गार झाला, चुलीवरचं दूध उतू गेलं, आणि एक करडू दारातून आत येऊन टेबलाखाली शिरलं. शेवटी आबा म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

दूध पुसता पुसता बाईंच्या लक्षात आलं की आबांनी वकिलाचं नाव एकदाही घेतलं नाही. त्यांनी हात पुसले आणि पुन्हा फोन लावला.

"आबा, त्याचं काही विचारलं नाहीत तुम्ही."



"नाही विचारलं," आबा म्हणाले.

"बरा आहे. अंगाने भरलाय. परवा भाऊजींना धडक मारून पाडलं त्याने. आणि वास एवढा मारतो की गल्लीच्या टोकापासून कळतं घर कुठलं ते."

"मारणारच," आबा म्हणाले. "हात लावू देतो का?"

"मला देतो. बाकी कुणाला नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. मग "सून जेवायला हाक मारतेय," म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

बाईंनी टेबलाखालच्या करडाला कानाला धरून बाहेर काढलं, त्याचा जबडा उघडून नीट बघितला आणि बाकीच्यांचे बघायला गोठ्याकडे गेल्या.